प्रवासाचा दिवा : चुडीपासून विजेरीपर्यंत

प्रवासास निघताना घरात जे लहानमोठे वाद होतात, त्यांत दिव्याचा वाद सर्वांत जुना असावा. अंथरूण किती घ्यावे, फराळाचे काय करावे, पाण्याचा तांब्या कोणाच्या हाती राहील, हे प्रश्न घरातील वडील बायकांच्या एका शब्दाने सुटतात. उजेडाचा प्रश्न तसा सुटत नाही. एकजण म्हणतो मोठी विजेरी घ्या, दुसरा म्हणतो लहानच बरी, तिसऱ्यास दिवा कपाळास बांधावयाचा असतो, आणि चौथा खिशातील मोबाईल पुढे करून विचारतो की, हा असता आणखी ओझे कशाला? वाद क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटात आपल्या प्रवासाचा पुष्कळसा इतिहास दडलेला आहे, आणि तो इतिहास पाहावयाचा तर मुंबईत शीव कोळीवाड्याइतकी सोयीची जागा आम्हांस दुसरी दिसत नाही.

शीव या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेट येथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. अलीकडे इंग्रज व पलीकडे पोर्तुगीज अशी स्थिती असताना, जेरल्ड ऑंजिअरच्या कारकिर्दीत, 1669 ते 1677 या काळात येथल्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. पुढे 1737 साली साष्टी मराठ्यांनी जिंकली व 1774 च्या अखेरीस ती इंग्रजांनी घेतली. म्हणजे मधली सदतीस वर्षे शीवेच्या टेकडीवरून रात्री पलीकडे जो दिवा मिणमिणताना दिसे, तो मराठी राज्यातला दिवा होता. शहरातून निघालेल्या माणसास शहराचा शेवटचा उजेड येथे सोडावा लागे. मुंबईत 1865 साली गॅसचे दिवे लागले, तेही कोटात आणि भेंडीबाजाराच्या बाजूस. शीव त्या वेळी भातशेतांचे, मिठागरांचे आणि कोळ्यांचे गाव होते. पुढची वाट ज्याने त्याने आपल्या दिव्याने चालावयाची.

कोळ्यांस शहराच्या दिव्याची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. त्यांचे घड्याळ चंद्रावर चालते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग, आणि दर दिवशी पाऊणएक तास पुढे सरकणारी भरती, यांच्या हिशेबाने जाळे टाकावयाचे आणि ओढावयाचे. ओहोटी मध्यरात्री लागली तर मध्यरात्री निघाले पाहिजे. अशा माणसाने दिव्याची निवड विचाराने केली नाही तर काय होईल हे सांगावयास नको. चिखलात रुतलेला पाय आणि वर चढणारे पाणी यांच्यामध्ये जो अवधी असतो तो फार थोडा असतो. तरीही होडीवरचा जाणता माणूस मोठा दिवा मागत नाही. डोळ्यांसमोर प्रखर ज्योत असली की तिच्यापलीकडचे पाणी दिसेनासे होते, म्हणून कंदील खाली, आडोशास ठेवावयाचा आणि नजर काळोखास सरावू द्यावयाची. उलट, रात्री खाजणात चिंबोऱ्या धरावयास उतरणारा दिवा हातात घेतो आणि पाण्याच्या अगदी जवळ धरतो, कारण त्यास दोन हातांपलीकडचे काही पाहावयाचेच नसते. काय पाहावयाचे आहे हे आधी ठरवावे आणि मग दिवा उचलावा, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. बाजारात विजेरी घ्यावयास गेलेला आमच्यासारखा मध्यमवर्गीय गृहस्थ नेमका उलट क्रमाने जातो. तो दिवा आधी घेतो आणि त्याने काय पाहावे याचा विचार घाटात करतो.

कोकणात रात्रीच्या चालीचा सर्वांत स्वस्त दिवा म्हणजे चूड. माडाची वाळलेली झावळी बांधावी, टोक पेटवावे आणि चालावयास लागावे. चूड विझत आली की हात हलवून तिला वारा द्यावयाचा. ज्योत पुन्हा उठते. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा एकाच चुडीवर पोहोचत नसे; वाटेतल्या ओळखीच्या अंगणात तो दुसरी मागून घेई, आणि उजेड मागावयास आलेल्या माणसास नकार देण्याची रीत नव्हती. घाटावर माड नाहीत. तेथे चिंध्यांचा पलिता, त्याहून मोठा टेंभा, आणि पद्धतशीर प्रवासास दिवटी असे. दिवटीबरोबर बुधली हवीच. खंडोबाच्या उपासनेत दिवटी आणि बुधली यांची जी जोडी आहे तिच्याकडे आम्ही नेहमी एका जुन्या प्रवासी शहाणपणाचा अवशेष म्हणून पाहतो. ज्योत आणि तिचे तेल ही दोन्ही एकाच भक्ताच्या हाती असली पाहिजेत, एकीवाचून दुसरी निरुपयोगी, हे त्या जोडीने कुळाकुळांतून शिकवले. सोनकोळ्यांच्या घरांतही जेजुरीच्या देवाचे महत्त्व मोठे आहे, आणि समुद्रावर जगणारी ही जमात जेजुरीच्या डोंगराचे हे साहित्य आपल्या देव्हाऱ्यात ठेवते.

श्रीमंतांच्या प्रवासात दिव्याची निवड करावी लागत नसे, दिवा धरणाऱ्या माणसाची करावी लागे. पालखीपुढे मशालजी धावे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात तेलाचे भांडे, आणि दर थोड्या अंतरावर चिंध्यांवर तेलाची धार. करंजाचे, उंडीचे जे तेल त्या त्या मुलखात मिळे ते जळे. काही गावांत आल्यागेल्या अंमलदारापुढे दिवटी धरण्याचे काम न्हाव्याच्या वाट्यास येई, आणि ते वतनाच्या कामांत गणले जाई. या व्यवस्थेत उजेड होता कोणाचा हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पालखीतला मनुष्य पडदा सोडून निजलेला असे. भोई ठरावीक चालीने, एकमेकांस सांकेतिक शब्दांनी खड्डा-दगड सांगत जात. आणि मशालजीच्या डोळ्यांत धूर व अंगावर तेलाचे ठिपके. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण समईवरून शिकतो. ती खरी व्हावयाची ती मशालजीच्या बाबतीत. पुढे कंदील आला आणि विजेरी आली तेव्हा या माणसाचे काम गेले. आमच्या मते दिव्याच्या इतिहासात तेलाच्या बदलाहून हा बदल मोठा आहे: उजेड चाकराच्या हातातून प्रवाशाच्या स्वतःच्या हातात आला, आणि त्याबरोबर तो विझला तर दोष कोणाचा हेही बदलले.

उजेडाची एक दुसरी बाजू मराठ्यांस चांगली ठाऊक होती. ज्याच्या हाती दिवा आहे तो दिसतो, आणि दूरवरून दिसतो. पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानावर 1663 साली छापा पडला, त्यानंतरची कात्रजच्या घाटाची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. बैलांच्या शिंगांस पलिते बांधून त्यांस घाटाकडे हाकलले, खानाचे सैन्य त्या दिव्यांमागे धावले आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडाकडे गेले. आख्यायिकेचा खरेपणा इतिहाससंशोधकांनी पाहावा. आम्हांस तिच्यातले निरीक्षण मोलाचे वाटते. काळोखात दिसणाऱ्या ज्योतीखाली बैल आहे की माणूस हे कळत नाही, आणि ज्योतींची संख्या हीच माणसांची संख्या असे समजून पाहणारा फसतो.

असो. शीवेकडे परत येऊ. खाडीवर गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात, 1798 ते 1805 च्या दरम्यान, शीव आणि कुर्ला यांस जोडणारा बांध झाला. त्यापूर्वी पलीकडे जाणे म्हणजे नाव मिळणे किंवा ओहोटी साधणे. बांध झाल्यावर रात्रीचा प्रवास शक्य झाला, आणि म्हणूनच रात्रीच्या दिव्याची गरज वाढली. रस्ता झाला की दिवा लागतो, हे एक लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती याच शीवेजवळून. आगगाडीने प्रवास जलद केला असे सर्वजण सांगतात. परंतु स्टेशनापासून गावापर्यंतची चाल तिने कमी केली नाही, उलट तिची वेळ बिघडवली. बैलगाडीचा प्रवासी उजाडता निघे आणि मावळता मुक्काम करी. आगगाडी आपल्या वेळापत्रकाप्रमाणे त्यास मध्यरात्री एखाद्या निर्जन स्टेशनावर उतरवून निघून जाई, आणि तेथून चार कोस चालणे पुढे उभेच असे.

या नव्या प्रवाशाचा दिवा म्हणजे कंदील. खनिज तेल, ज्यास आपण घासलेट किंवा राकेल म्हणू लागलो, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशाहून डब्यांतून येऊ लागले आणि करंजाच्या तेलाची सद्दी संपली. घासलेट पातळ, त्यामुळे वातीतून सहज चढते व उजळ जळते. पण उघड्यावर काजळी फार धरते आणि वाऱ्याने विझते. जॉन आयर्विन नावाच्या अमेरिकन संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत कंदिलाच्या दोन्ही बाजूंस पोकळ नळ्या घालून ज्योतीस त्यांतून हवा पुरवण्याची युक्ती काढली. वारा बाहेर कितीही असो, ज्योतीस हवा मिळते ती नळीतून, संथपणे. आपण ज्यास वादळी कंदील म्हणतो त्याचे सारे रहस्य त्या दोन नळ्यांत आहे. बाजूच्या त्या नळ्या केवळ काच सांभाळण्यासाठी आहेत असा अनेकांचा समज असतो.

या कंदिलाने महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडवली. पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना 1908 साली निघाला, आणि औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा ओगले ग्लास वर्क्स 1916 साली उभा राहिला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. नाव सूर्याचे, उजेड पाचदहा मेणबत्त्यांचा. पण कंदिलास सूर्याचे नाव देण्याची हौस ज्या काळात स्वाभाविक वाटली तो काळ समजून घेतला पाहिजे. परदेशी कंदील बाजारात होते आणि ते चांगले होते. ‘प्रभाकर’ घेणाऱ्याने केवळ उजेड विकत घेतला नाही. काच, पत्रा आणि बर्नर ही तिन्ही आपल्या मुलखात होऊ शकतात या गोष्टीवर त्याने आपले चार पैसे लावले. दिव्याच्या निवडीत देशाभिमानाचा प्रश्न एवढ्या उघडपणे पूर्वी कधी आला नव्हता, आणि आज विजेरीच्या तळाशी ती कोणत्या देशात बनली हे वाचणारे किती निघतील?

कंदील घेऊन प्रवास करणे मात्र सोपे नव्हते. तो आडवा पडला की घासलेट गळे. अंथरुणाच्या वळकटीत तो कधी ठेवावयाचा नाही हा नियम प्रत्येक घराने एकदा तरी चादरींच्या किमतीने शिकलेला असे. तेल वेगळ्या बाटलीत, बाटलीस चिंधीचे बूच, आणि ती बाटली लाडवांच्या डब्यापासून शक्य तितकी दूर. जादा काच चोळीच्या खणात किंवा धोतरात गुंडाळून घ्यावी लागे. आगपेटी पावसात सादळे, म्हणून ती डबीत. विम्को कंपनीचा अंबरनाथचा कारखाना निघाला तो 1923 नंतर. त्यापूर्वी गारगोटी-चकमक बाळगणारे वृद्ध खेड्यांतून सर्रास दिसत. इतके सारे सांभाळून मिळे काय, तर रात्रभर निवांत जळणारा, चारही बाजूंस सारखा पसरणारा, पाचसहा माणसांस एकत्र बसवणारा उजेड. विजेरीने ही शेवटची गोष्ट कधीच दिली नाही. विजेरीचा झोत एका दिशेस जातो, आणि तो ज्याच्या हाती असतो त्याच्याच नजरेबरोबर फिरतो.

विजेरीच्या जन्मास फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका असे तीन देश लागले. जॉर्ज लेक्लांशे याने 1866 साली जस्त, कोळशाची कांडी, मॅंगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा विद्युत्‌घट बनवला. तो ओला होता. आडवा केला तर सांडे. कार्ल गास्नर या जर्मनाने 1886 साली नवसागरात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून तो कोरडा केला व जस्ताचे भांडे हेच त्याचे आवरण केले. यामुळे वीज प्रथमच खिशात घालता येऊ लागली. 1899 च्या जानेवारीत डेव्हिड मिसेल यास अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले आणि कॉनरॅड ह्यूबर्टच्या कंपनीने ती विकावयास काढली. आरंभीची ती विजेरी सतत जळत नसे. दिव्यातील तार कोळशाची, घट दुबळा. क्षणभर कळ दाबावी, पाहून घ्यावे आणि सोडून द्यावी. अमेरिकनांनी तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे लखकन चमकणारा दिवा, म्हटले ते यामुळेच. टंगस्टनची तार 1904 साली निघाली, 1910 साली विल्यम कूलिज याने ती ओढता येईल अशी लवचीक केली, तेव्हा कोठे विजेरीच्या उजेडात वाट चालणे शक्य झाले.

आपल्याकडे ती आली तेव्हा भाषेने एक गंमत केली. ग्रंथांतून तिला विजेरी म्हणतात, काही भागांत चोरबत्ती म्हणतात, पण बहुतेक मराठी घरांत तिचे नाव बॅटरी. ‘जरा बॅटरी मार’ असे आपण म्हणतो, आणि आत घालावयाच्या खऱ्या बॅटरीस ‘सेल’ म्हणून मोकळे होतो. एव्हरेडी कंपनीचा भारतातील व्यवहार कलकत्त्याहून 1934 साली नव्याने संघटित झाला आणि तिच्या पितळी विजेऱ्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. शीवेस तर हा धंदा शेजारीच होता. धारावीत एस्ट्रेला बॅटरीचा कारखाना होता, आणि त्याचे नाव त्या भागातील पत्त्यांत व बसथांब्यावर राहून गेले. शीवेच्या बाजूने हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची आगगाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली. म्हणजे तारेतून वाहणारी वीज आणि डबीत भरलेली वीज, दोहोंचा संबंध या कोळीवाड्याच्या आसपासच्या मैलभरात आला. येथले स्टेशन पूर्वी कोळीवाडा याच नावाचे होते. आता त्याचे नाव गुरु तेग बहादूर नगर आहे, कारण 1947 च्या फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे येथल्या लष्करी बराकींत उतरली व पुढे येथलीच झाली. एका सीमेवरून उठून ती शीव नावाच्याच गावी येऊन राहिली, हा योगायोग आम्हांस विलक्षण वाटतो.

पितळी विजेरीच्या काळातील काही घरगुती युक्त्या आजच्या पिढीस ठाऊक नाहीत. सामानात विजेरी ठेवताना दोनांपैकी एक सेल उलटा घालीत. म्हणजे कळ चुकून दाबली गेली तरी प्रवाह वाहत नाही आणि मुक्कामास पोहोचल्यावर विजेरी मेलेली निघत नाही. सेल मंदावले की ते उन्हात वाळत घालीत. यावर शिकलेले लोक हसत, पण त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. विश्रांतीने आणि उष्णतेने घटातील रासायनिक क्रियेस थोडा काळ पुन्हा वेग येतो व आणखी एखादी संध्याकाळ निघते. नवी शक्ती मात्र त्यात येत नाही. पावसाळाभर सेल आतच विसरले तर जस्ताचे आवरण खाऊन खार बाहेर येई आणि पितळेस हिरवा गंज चढे. आश्विनात विजेरी उघडून पाहणे हा दिवाळीच्या साफसफाईचाच भाग होता.

प्रवास नेहमी ठरवून होतो असे नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आगगाड्या थांबल्या, शीव-कुर्ल्याच्या सखल भागांत पाणी साचले, उपनगरांत वीज गेली आणि लक्षावधी माणसांनी त्या रात्री घरची वाट पायी धरली. या प्रवासाची बांधाबांध कोणी केली नव्हती. डंकनच्या बांधापूर्वी ज्या खाडीस ओहोटीची वाट पाहावी लागे, ती खाडी दोनशे वर्षांनी त्या रात्री रस्त्यावर परत आली. त्या सुमारास नोकिया कंपनीचा 1100 या क्रमांकाचा साधा मोबाईल पुष्कळांच्या खिशात असे. तो 2003 साली निघाला आणि भारतासारख्या देशांतील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून त्याच्या माथ्यावर एक बारीक दिवा बसवलेला होता. शहरातील शिष्टांनी त्या दिव्याची थट्टा केली होती. अशा रात्री तिचे उत्तर मिळते. तरी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गढूळ पाण्याखाली काय आहे हे कोणताच दिवा दाखवीत नाही. झोत पाण्याच्या पृष्ठभागावर थांबतो आणि उघडे गटार खालीच राहते. ते शोधते काठी. जुन्या चित्रांत रात्री निघालेल्या गावकऱ्याच्या एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात काठी असते. त्यांपैकी काठी आपण केव्हाच टाकून दिली, आणि ती टाकणे ही आमच्या मते उजेडावर ठेवलेल्या फाजील विश्वासाची खूण आहे.

आता आजच्या निवडीकडे. निळा प्रकाश देणारा स्फटिकदिवा शुजी नाकामुरा याने जपानात 1993 साली यशस्वी करून दाखवला, त्यातून पांढरा ‘एलईडी’ निघाला, आणि या कामाबद्दल त्यास व इसामु आकासाकी, हिरोशी आमानो या दोघांस 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियमचा पुन्हा भरता येणारा घट 1991 पासून बाजारात आहे. या दोहोंनी पाच सेलच्या पितळी विजेरीचे काम बोटभर नळीत आणले, आणि ग्राहकाचा गोंधळ पूर्वीपेक्षा वाढवला. डबीवर ल्यूमेनचा मोठा आकडा छापलेला असतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकंदर प्रकाश; तो कोठवर पोहोचेल हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेत 2009 साली विजेऱ्यांच्या मोजणीचे जे प्रमाण ठरले त्यात झोताचे अंतर मोजताना, जेथे उजेड पाव लक्स उरतो तेथे झोत संपला असे धरतात. आणि पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तसेच दिवा किती तास चालतो हे सांगताना, आरंभीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचे तास मोजतात. म्हणजे डबीवरचे दहा तास हे पूर्ण उजेडाचे दहा तास नव्हेत. ही दोन वाक्ये ध्यानात ठेवली तर दुकानातला अर्धा वेळ वाचतो.

चैत्रात कार्ल्यास एकवीरेच्या दर्शनास मुंबईचे कोळी आणि आगरी हजारोंनी जातात. काही पालख्या तर पायीच घाट चढतात. त्याच बोरघाटाच्या माथ्यावरून राजमाचीस जाणारी वाट निघते, आणि मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, तेथे काजवे पाहावयास शहरी मंडळी लोटतात. दोन्ही प्रवास रात्रीचे, दोन्ही एकाच डोंगरात, पण दोहोंस दिवा एक चालणार नाही. पालखीबरोबर रस्त्याने चालणाऱ्याचा दिवा त्यास वाट दाखवण्यापेक्षा मागून येणाऱ्या मोटारीस तो दाखवण्यासाठी हवा. लहान, रुंद पसरणारा आणि पहाटेपर्यंत टिकणारा. काजव्यांच्या रानात मात्र दिवा जितका थोडा तितका बरा. काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे संकेत आहेत; पांढऱ्या झोतात ते बुडतात आणि त्या रात्रीचा संसार मोडतो. शिवाय माणसाचा डोळा काळोखास पुरता सरावावयास वीस-तीस मिनिटे लागतात व एका झोतात ती फुकट जातात. काचेवर तांबडा कागद लावावा, झोत जमिनीकडे ठेवावा आणि गरज नसेल तेव्हा विझवावा. कोळ्याने होडीत कंदील आडोशास ठेवला त्यात आणि यात काही अंतर नाही.

कपाळाच्या दिव्याविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून कातळ चढताना किंवा चूल पेटवताना त्यास तोड नाही; मुंबईत गिरिविहार संस्था 1954 साली निघाली तेव्हापासून सह्याद्रीत रात्री हिंडणाऱ्यांची जी परंपरा वाढली तिने तो उचलला हे योग्यच झाले. पण सपाट वाटेवर तो फसवतो. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने दगडाची सावली दगडामागेच लपते आणि खाचखळगे सपाट भासतात. हाच दिवा कमरेच्या उंचीवर हातात धरला की प्रत्येक दगडास लांब सावली फुटते आणि वाट वाचता येते. पावसाळी धुक्यात तर कपाळाचा झोत धुक्यावरून परत डोळ्यांत येतो व समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. खाली धरलेला दिवा निदान दोन पावले दाखवतो. कंदील हातात लोंबता धरून चालणारे आपले आजोबा प्रकाशशास्त्र शिकले नव्हते, पण वाट त्यांस दिसत होती.

तेलाचा प्रश्नही गेलेला नाही, त्याने रूप बदलले आहे. विजेवर भरावयाचा दिवा जेथे वीज नाही तेथे तेल संपलेल्या कंदिलासारखाच. म्हणून दोनतीन दिवसांच्या डोंगरी मुक्कामास, कोणत्याही खेड्यातील दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल चालतील अशी एक लहान विजेरी सोबत असावी असे आम्ही म्हणू, मग मुख्य दिवा कितीही उंची असो. सेल मात्र आतच ठेवून घरी परत आणू नयेत. विमानाने जाणाऱ्याने लिथियमचे सुटे घट हाती ठेवावयाच्या पिशवीत घ्यावेत. ते मोठ्या सामानात घालू देत नाहीत, कारण तेथे एखादा पेटला तर कोणास कळत नाही. मोबाईलच्या दिव्याविषयी एवढेच की, ज्या यंत्रावर हाक मारावयाची आहे त्याचीच शक्ती जाळून वाट पाहणे हे बुधलीतले तेल पोळीवर घेण्यासारखे आहे.

जेजुरीस निघालेल्या घरांत ही बांधाबांध आजही होते. दिवटी धुऊन, वाळवून, जुन्या धडप्यात गुंडाळतात; बुधलीचे तोंड आवळून बांधतात आणि ती उभीच राहील अशी पिशवीच्या कोपऱ्यात बसवतात. शेजारी एक विजेरी, रात्री पायऱ्या उतरताना हवी म्हणून, आणि तिच्यातला एक सेल उलटा.